मंगल गोरी होऊन आली ते दिवस

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर म्हणजे राखेत कोंबडी चालून गेल्यासारखं. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलं तर त्यानं रागावू नये, म्हणून आधीच माफी मागून ठेवते. चारचौघांत मला बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच कान गरम होतात. कागदापुढं तेवढं होत नाही, म्हणून लिहिते.

होळी झाली की आमच्या गावच्या रस्त्यानं ट्रॅक्टर यायला लागतात. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊस तोडायला गेलेली माणसं परत येतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, झोपडीचे बांबू, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेल्या बायका. त्या उतरताना कोण कोणती ते ओळखायला जरा वेळ लागतो. उन्हानं रापून काळ्याठिक्कर झालेल्या, गाल आत गेलेले, हातावर पाचटाच्या चिरा. गावात राहिलेल्या बायका म्हणतात, ‘‘लय खराब झालीस ग.’’ आलेली म्हणते, ‘‘तिथं काय तूप-पोळी खायला गेलतो का?’’ दरवर्षी हेच बोलणं होतं. रामरामासारखं. त्याच्यात कुणी कुणाला खरं काही विचारत नाही आणि सांगतही नाही.

यंदाही ट्रॅक्टर आले. आवाज ऐकला की मला ते एक वर्ष आठवतं, ज्या वर्षी माझी धाकटी जाऊ मंगल ट्रॉलीतून उतरली आणि सगळ्या बायका गप्प झाल्या. मंगल गोरी झाली होती. गाल भरलेले, हनुवटीखाली मांस, कातडी ताणून तुकतुकीत. आम्ही सगळ्यांनी तिला डोळे भरून पाहिलं. त्या दिवसांत ती हळूहळू मरायला लागली होती, आणि ते आमच्यातल्या कुणालाही दिसलं नाही.

मंगल मुळात काळी. लग्नात तिला पाहून माझ्या चुलतसासूनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘‘दिवा जवळ आणा ग, सून दिसंना.’’ बायका हसल्या होत्या. मंगलही खाली मान घालून हसली होती. त्यानंतर ती आमच्या घरात नेहमी भिंतीच्या कडेला, फोटो काढताना मागच्या रांगेत, अशी उभी राहायची. तिची सहा वर्षांची मुलगी शाळेसाठी हंगामभर माझ्याजवळ असायची. त्या दिवशी ती धावत गेली, आईसमोर थांबली आणि वळून मला म्हणाली, ‘‘मोठी आई, आई गोरी झाली!’’ माझा दीर भगवान ट्रॉलीवरून पेटी उतरवत होता. तोही हसला. बायको चांगली दिसायली याचा त्याला गर्व वाटत होता. त्यानं मोबाईलमध्ये तिचा फोटो काढला. मंगल पुढं उभी राहिली.

गाव म्हणजे काय, दोन दिवसांत त्याचं कारणही तयार झालं. कुणी म्हणालं, कारखाना मानवला तिला. चंद्रकला मावशी म्हणाली, ‘‘कारखाना कसला मानवतो? मुकादमानं बसवून खायला घातलं असंल.’’ चंद्रकला मावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. जीभ तिखट, पण कुणाच्या घरी बाळंतीण अडली तर पहिली धावणारी तीच. तिचं बोलणं मंगलच्या कानावर गेलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. आरशासमोर बसून तिनं कुंकू मोठं लावलं.

चैत्राच्या तोंडाला आमच्याकडं हळद निघते. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्या रानात हळदीचे ढीग पडतात, आणि आम्ही बायका रोजानं गड्ड्यापासून हळकुंडं मोडायला बसतो. जमिनीतून निघालेली हळद कुणाला ओळखू येणार नाही. चिखलाचे वेडेवाकडे गोळे. मोडली की आतून असा रंग निघतो की उन्हात डोळ्यांना टोचतो. हात पिवळे, नखं पिवळी, दुपारच्या भाकरीवरही पिवळी बोटं उमटतात. घरी येऊन साबण लावला की तेच हात क्षणभर लाल होतात. बाजूला मोठ्या कुकरमध्ये हळद शिजते, तिची वाफ ओल्या मातीसारखी आणि जराशी कडसर. वाऱ्याची दिशा बदलली की ती अंगावर येते आणि सगळ्यांची डोकी जड होतात. असल्या जागी दिवसभर बसायचं म्हणजे तोंड चालू ठेवावं लागतं.

त्या वर्षी आमचं तोंड माझ्या मुलीनं चालू ठेवलं. वैशाली परभणीला एम.ए. करायली होती, इंग्रजी घेऊन. परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत गावी आली होती, आणि एकटीनं घरात बसून वाचवत नाही म्हणून पुस्तक घेऊन रानात माझ्याजवळ येऊन बसायची. एका हातानं हळद मोडायची, मोडता मोडता धडे घोकायची.

‘‘काय वाचायलीस ग एवढं?’’ चंद्रकला मावशीनं विचारलं.

‘‘वेस्ट इंडीजकडच्या बायकांच्या गोष्टी, मावशी.’’

‘‘क्रिकेटवाले व्हय?’’

‘‘तेच. समुद्रात बेटं हायेत. तिथं सगळा ऊसच ऊस होता. आपल्याकडली माणसं जहाजात घालून नेली होती, तोडायला.’’

‘‘परत आली का?’’

‘‘लय जण न्हाई आली.’’

मावशीनं एक गड्डा मोडून टोपल्यात टाकला. ‘‘मंजे त्यांचा पट्टा पडलाच न्हाई म्हन.’’

मग गोष्टी सुरू झाल्या. वैशालीला पेपरात लिहायचं होतं की त्या बायकांच्या कथांत आणि तिकडच्या जुन्या कहाण्यांत दिसण्याबद्दल काय शिकवण दिली आहे. ती एकेक गोष्ट आमच्या भाषेत सांगायची आणि शेवटी शिकवण म्हणून दाखवायची. एका पोरीला अंगावर एक ओरखडाही नसलेला नवरा पाहिजे होता. तसा मिळाला, आणि घरी जाता जाता तो ज्याचं त्याचं उसनं परत देत गेला, बूट एकाचे, कोट एकाचा, शेवटी कातडीही कुणाचीतरी. दुसरी गोष्ट त्याहून गाजली. उसाच्या फडाच्या कडेला संध्याकाळी एक देखणी बाई उभी असते. लांब पायघोळ झगा. पुरुष तिच्या मागं जातात आणि परत येत नाहीत, कारण झग्याखाली तिचा एक पाय जनावराचा असतो, खुराचा. म्हाताऱ्या बायका पोरांना सांगतात, तोंडाकडं बघू नका, पायाकडं बघा.

‘‘आपली हडळच की ती,’’ मावशी म्हणाली. ‘‘तिचे पाय उलटे, हिचा खुराचा. तिकडं गेली तरी बाई पायावरूनच धरली जाती.’’

सगळ्या हसल्या. मग मावशीची नजर मंगलवर गेली.

‘‘मंगल, तुझे पाय दाखव बरं ग. एवढी गोरीपान होऊन आलीस. बघू दे, खूर हाय का काय.’’

अजून मोठं हसणं झालं. मंगलही हसली. हसताना तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. आणि तिनं पातळाचा काठ ओढून पावलांवर घातला, तो असा दाबून धरला की पिवळ्या बोटांचे ठसे त्यावर उठले.

मी तिच्या शेजारीच होते. हसण्यात मी नव्हते, पण ते माझ्या चांगुलपणामुळं नाही. मला चारचौघांत हसताही येत नाही. म्हणून माझं लक्ष नुसतं तिच्या हाताकडं राहिलं. मला वाटलं, गोष्टीतली बाई पाय झाकते तेव्हा ऐकणाऱ्याला भीती वाटते. इथं भीती मंगललाच वाटायली होती.

वैशालीच्या गोष्टी ऐकताना एक मला सारखं खटकायचं. शिकवण नेहमी बघणाऱ्याला असते. बघणाऱ्यानं भुलू नये, बघणाऱ्यानं नीट पारखावं. हळदीचा व्यापारी येतो, हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव सांगतो, तसं. जिला बघतात तिला त्या गोष्टीत काही विचारत नाहीत. आणि आम्ही आयुष्यभर बघितल्या जाणाऱ्या. लग्नात सासू बघते, तोडणीच्या टोळीत मुकादम बघतो की ही बाई मोळी उचलेल का. नीट दिसावं म्हणून आम्ही धडपडलो तर तो खोटेपणा कसा, हे मला त्या गोष्टींत सापडलं नाही.

दुपारी सगळ्या लिंबाखाली भाकरी खायला गेल्या. मंगल ढिगापाशीच बसून राहिली. भूक नाही म्हणाली. मी गेले आणि तिच्यासमोर बसले. बोलायचं होतं दोनच शब्द, पण कान गरम झाले.

‘‘मंगल, पाय दाखव.’’

‘‘तुमी बी अक्का?’’

ती हे ज्या आवाजात म्हणाली तो अजून माझ्या कानात आहे. मी तिचा हात धरून बाजूला केला आणि काठ वर सारला.

पाय कसले ते. घोटा कुठं आहे ते कळत नव्हतं. पाऊल पावासारखं फुगलेलं, कातडी चकचकीत, बोटं एकमेकांवर चढलेली. आणि दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटांवर जोडवी नव्हती. जिथं ती असायची तिथं गोल खोल वण, कडेला सुकलेलं रक्त.

‘‘जोडवी कुठं हायेत?’’

‘‘तोडली.’’

‘‘कुणी?’’

‘‘ट्रॅक्टरवाल्याच्या पकडीनं. मीच. बोट काळं पडायलं होतं अक्का, निघंनात. ह्यांनाबी सांगितलं न्हाई.’’ ती आता फारच हळू बोलत होती. ‘‘नवरा जिता असून बाईच्या पायात जोडवी न्हाईत. गावानं बघितलं असतं तर काय म्हटलं असतं? आधीच मुकादमाचं लावायलेत मागं.’’

म्हणून ती पातळ खाली सोडून चालत होती, ओट्यावर पाय खाली सोडून बसत नव्हती, नदीवर धुणं धुवायला आमच्यासोबत येत नव्हती. आम्ही म्हणत होतो, गोरी झाली तशी ऐटीत आली.

मी वैशालीला हाक मारली. मी एवढ्या मोठ्यानं हाक मारलेली बायकांनी कधी ऐकली नव्हती, त्यामुळं सगळ्याच धावत आल्या. कुणी हसलं नाही. चंद्रकला मावशी खाली बसली, तिनं मंगलचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘‘अगं माय, ही तर सूज हाय. रांडे, बोलली का न्हाईस?’’ शिवी देताना तिचे डोळे भरले होते.

भगवानला बोलावणं धाडलं. तो आला तेव्हा म्हणाला, ‘‘उभं राहून टोळीत सगळ्यांचेच पाय सुजतात. तब्येत तर सुधरली तिची.’’ चंद्रकला मावशीनं त्याला जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. रिक्षा ठरवून तो आमच्यासोबत निघाला.

निघायच्या आधी मी मंगलला पेटीतलं चांगलं पातळ नेसवलं. वैशाली चिडली. ‘‘आई, ही काय वेळ हाय का?’’ पण मला माहीत आहे ते तिला माहीत नाही. कुठल्याही मोठ्या जागी गेलं की आधी तुमच्या लुगड्याशी बोलतात, मग तुमच्याशी. त्या बेटांवरच्या एका बाईनं लिहिलेली गोष्ट वैशालीनंच सांगितली होती. घरात चूल पेटत नाही, पण एक आई दर रविवारी मुलीचा झगा कडक इस्त्री करून तिला देवळात पाठवते. झगा इतका नीट असतो की शेजारच्यांना वाटतं यांच्याकडं बरं चाललंय, आणि कुणी वाटीभर कालवण आणून देत नाही. वैशालीच्या वहीत त्याची शिकवण होती, वरवरच्या दिखाव्यानं नुकसान होतं. मी ती गोष्ट ऐकताना त्या आईच्या बाजूनं होते. इस्त्री नसती तर लोकांनी कालवण दिलं असतं, पण मुलीला दारातच बसवलं असतं. दोन्हीतलं एक निवडायचं, आणि ते तिनं उपाशीपोटी निवडलं. मंगलच्या पायांत वैशालीनं आपले मोजे घातले. ते तिनं मुकाट्यानं घालून घेतले.

जवळच्या बोरी गावच्या दवाखान्यात त्यांनी बघितलं आणि थांबू नका, परभणीला न्या म्हणाले. रस्त्यात मंगलला रिक्षात टेकता येईना. टेकली की दम लागायचा. ती पुढं वाकून माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली. बाहेर झाडांची पानं गळून नवी फुटायली होती. मी ती बघत होते असं आठवतं, आणि तिचा श्वास मोजायचं टाळत होते.

परभणीच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं वैशालीएवढीच असेल. तिनं मंगलच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग मोजा काढला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तेव्हा तिथं खड्डा राहिला. तो भरेना. आम्ही सगळे त्या खड्ड्याकडं बघत राहिलो.

‘‘किती दिवस झाले हे?’’

भगवान म्हणाला, ‘‘म्याडम, आमाला वाटलं, अंग धरलं. गोरी झाली.’’

‘‘गोरी नाही झाली, पांढरी पडलीय. अंगात रक्तच उरलेलं नाही. आणि हे अंग नाही, पाणी आहे. हृदयाला झेपत नाही आता.’’ मग तिनं भगवानकडं नीट पाहिलं. ‘‘अजून थोडा उशीर केला असता तर घेऊन यायला बाई राहिली नसती.’’

भगवान भिंतीला टेकला. त्यानं खिशातला मोबाईल चाचपला आणि पुन्हा ठेवून दिला.

रक्त चढवायला लागले. भगवाननं दिलं, वैशालीनं दिलं. पहिली रात्र काही सांगता येत नाही असं म्हणाले होते, ती रात्र निभावली. मग गोळ्या, सुया, आणि सारखं बाथरूमला जाणं. मंगलच्या अंगातलं पाणी उतरायला लागलं तसा तिचा चेहरा खालून वर आला. गालाची हाडं निघाली, डोळ्यांभोवतीचे खळगे निघाले, आणि रंगही एकेक दिवसानं परतायला लागला. माझी जुनी काळी मंगल. मी बसल्या बसल्या तिच्याकडं बघत राहायचे. कुणाच्या तोंडावर काळेपणा परत येताना बघून एवढं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

एका दुपारी ती छताकडं बघत म्हणाली, ‘‘अक्का, एक सांगू? पाय दुखायचे, दम लागायचा. मला कळायलं होतं काहीतरी हाय म्हणून.’’

‘‘मग?’’

‘‘पण सगळ्या बघायल्या होत्या ना. जल्माला आल्यापासून पैल्यांदा कुणीतरी चांगली दिसायलीस म्हटलं. वाटलं, अजून चार दिवस असू दे.’’

मी तिच्या पांघरुणाची घडी नीट करत राहिले. नीटच होती ती.

थोड्या वेळानं ती हसली. ‘‘वैशालीच्या गोष्टीतली ती खुरवाली बाई. एवढे लोक पाय बघायला सांगतात. तिला कुणी इचारलं का, दुखतो का म्हणून?’’

वैशालीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘हे पेपरात लिहिता येत न्हाई, आई.’’ तिनं वहीतली शिकवणच लिहिली आणि ती चांगली पास झाली. आता ती परभणीला शिकवते. तिच्या पुस्तकांतल्या त्या बायकांचा मला राग नाही. त्यांच्याकडंही म्हाताऱ्यांनी सांगितलेलंच त्यांनी सांगितलं असेल. मला एवढंच कळलं की पायाकडं बघा म्हणणारी गोष्ट एखाद्या बाईला धरून देऊ शकते, आणि तीच गोष्ट तिला वाचवूही शकते. गोष्ट एकच असते. बघणारं माणूस आपल्या मनात काय घेऊन खाली वाकतं, त्यावर ते असतं. हे लिहिताना मला वाटतंय की मी फार शहाण्यासारखं लिहिलं. खोडणार होते, पण राहू दे.

डॉक्टरणीनं मंगलला पुन्हा मोळी उचलायची नाही असं सांगितलं होतं. भगवाननं ते ऐकलं. एक-दोन हंगाम घरात ओढाताण झाली, मग त्यानं इथंच हळदीच्या कुकरवर काम धरलं. मंगल माझ्यासोबत रोजानं जाते. रक्त वाढावं म्हणून शेवग्याच्या पाल्याची भाजी नको नको म्हणत खाते. फोटो काढताना आता ती कुठंही उभी राहते.

परवा ट्रॅक्टर आले तेव्हा आम्ही दोघी हळदीवरून येताना रस्त्यावर होतो. बायका एकेक उतरायल्या होत्या, गाठोडी सावरत, काळ्या, वाळलेल्या, धुळीनं भरलेल्या. कुणीतरी म्हणालं, ‘‘लय खराब झालीस ग.’’ मंगल पुढं गेली. खालच्या आळीतली एक नवी सून पहिल्यांदाच हंगाम करून आली होती. मंगल तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिच्या पातळाचा काठ जरासा वर केला.

‘‘अगं बाई, तुमी माझ्या पाया पडायलाव का?’’ ती पोरगी मागं सरली. बाकीच्या हसायला लागल्या.

‘‘पाय कर पुढं,’’ मंगल म्हणाली. तिनं पोरीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. हसणं थांबलं.  मग मंगलनं अंगठा उचलला. पिवळा ठसा उमटला होता, खड्डा नव्हता.

ती उठली. पोरीच्या रापलेल्या गालावरून तिनं हात फिरवला.

‘‘जा घरी,’’ ती म्हणाली. ‘‘अशीच काळी ऱ्हा.’’ आणि पुढच्या बाईसमोर जाऊन बसली.